ॲमकास: कच्च्या जीपीएवाल्यांनी पैसे भरण्याआधी

अमेरिकेत एमडीच्या (तिकडे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) बहुतेक कॉलेजांचे अर्ज ॲमकास या एकाच खिडकीतून जातात. खिडकी एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची. अलीकडचा दर पहिल्या कॉलेजला 175 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला पन्नासच्या आत. बीएसच्या (तिथल्या बीएस्सीच्या) पहिल्या दोन वर्षांत ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्समध्ये गटांगळ्या खाल्लेल्यांसाठी ही सेवा कशी आहे? हिशेबाला चोख, दयामाया शून्य.

विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) छापलेला जीपीए, म्हणजे ए ला 4, बी ला 3, सी ला 2 धरून काढलेली ग्रेडची सरासरी, इथे चालत नाही. ॲमकास प्रत्येक कोर्स नव्याने मोजते आणि दोन ढीग करते: बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा बीसीपीएम आणि बाकी सगळं एओ. मानसशास्त्र आणि इंजिनिअरिंग एओमध्ये, बायोस्टॅटिस्टिक्स मात्र गणितात.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज रिपीटचा. चार क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे सरासरीत कोर्सचं वजन) ऑरगॅनिकला सी होता, परत बसून ए मिळवला. काही विद्यापीठं जुना सी जीपीएतून काढून टाकतात. ॲमकास दोन्ही मोजते, म्हणजे आठ क्रेडिटवर 3.0. ऑस्टिओपॅथीच्या डॉक्टरी कॉलेजांची अशीच खिडकी म्हणजे ॲकोमास; ती पूर्वी जुना ग्रेड सोडून द्यायची, पण 2017 पासून तीही सगळे मोजते. तेव्हा सी आलेला कोर्स परत घेण्यापेक्षा वरच्या पातळीचे नवे विषय (बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स) घेऊन ए आणणं फायद्याचं. डी किंवा एफ असेल तर रिपीटला पर्याय नाही, कारण कॉलेजं पूर्वअट म्हणून निदान सी मागतात.

आकडे कागदावर मांडून बघा. 120 क्रेडिटवर 2.8 असेल आणि पदवीनंतर 32 क्रेडिट निव्वळ ए मिळवले, तर एकूण होतो जेमतेम 3.05. ते सगळे विज्ञानाचे असतील तर त्याच 32 क्रेडिटनी 48 क्रेडिटवरचा 2.5 बीसीपीएम मात्र 3.1 वर जातो. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए अलीकडे 3.77 च्या पुढे आहे, म्हणजे नुसत्या बेरजेने ही दरी भरत नाही. ॲमकासची जमेची बाजू इथेच: जीपीएच्या तक्त्यात फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर (पदवीची चार वर्षं) आणि पोस्टबॅक (पदवीनंतर घेतलेले पदवी पातळीचे कोर्स) अशा वेगळ्या ओळी छापल्या जातात. शेवटच्या ओळीतला 4.0 तपासणाऱ्याला लगेच दिसतो.

स्पेशल मास्टर्सचं (मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांसाठीच्या मास्टर्सचं) गणित निराळं. तिथले ग्रेड ग्रॅज्युएट ओळीत जातात आणि अंडरग्रॅड (पदवीचा) जीपीए एका शतांशानेही हलत नाही. जॉर्जटाउनसारख्या कोर्सला मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसावं लागतं. तिथे बी-सी आले तर दार जवळजवळ बंदच. अंडरग्रॅड 3.0 च्या खाली असेल तर आधी पोस्टबॅक, मास्टर्स नंतर.

फॉर्म भरणं कटकटीचं. प्रत्येक कोर्स हाताने टाकायचा: नाव, क्रेडिट, ग्रेड, वर्ष. कम्युनिटी कॉलेजचा एकुलता एक उन्हाळी कोर्स, हायस्कूलमध्ये असतानाच घेतलेला कॉलेजचा कोर्स (ड्युअल एन्रोलमेंट), मध्येच सोडलेल्या कोर्सचा डब्ल्यू, काहीही गाळता येत नाही. ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवूनच भरा. चुका जास्त झाल्या तर अर्ज परत येतो, आणि गर्दीत पडताळणीला सहा आठवडे जाऊ शकतात. सबमिट केल्यावर आलेले ग्रेड ॲमकास जीपीएत धरत नाही. फॉलमध्ये (पानगळीच्या सत्रात) सुधारणा दाखवायची असेल तर त्याआधीच्या जूनमध्ये अर्जाची घाई करू नका, एक वर्ष थांबा.

पुण्या-मुंबईत बीएस्सी करून आलेल्यांसाठी: तिथले मार्क ॲमकास जीपीएत धरत नाही. वाईट मार्क लपले म्हणून खूश होऊ नका, बहुतेक कॉलेजांना अमेरिकेतले किंवा कॅनडातले क्रेडिट लागतातच.

ज्यांचं घोडं कॅल्क्युलसमध्ये अडलं, त्यांनी ॲकोमासकडे जरूर बघावं. तिथल्या सायन्स जीपीएत गणित येतच नाही. टेक्सासचे रहिवासी असाल तर टीएमडीसॅस या तिथल्या कॉलेजांच्या अर्ज-खिडकीत ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्टची सोय आहे, दहा वर्षांहून जुने क्रेडिट बाद करता येतात. पण निवडून नाही: डी-एफबरोबर त्या काळातले ए जातात, आणि पदवीसुद्धा.