पहिले ट्रेकिंग शूज, वर्षभर वापरून झाल्यावर

हे शूज घेऊन आता वर्ष झालं, चौदा ट्रेक झाले, सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर तरी चालून झालं असेल, म्हणून आता लिहायला बसले. घेतल्यावर आठवड्याभरात रिव्ह्यू लिहिण्यात मला अर्थ वाटत नाही, नवे असताना सगळेच शूज छान वाटतात.

आधी शूज कसे आहेत ते सांगते. घोट्याच्या खाली संपणारे, वर जाळीचं कापड, बोटांपुढे जाड रबर, वॉटरप्रूफ नाहीत. एका बुटाचं वजन ४०० ग्रॅमच्या आत, सोलचे दात, म्हणजे तळाचे रबरी उंचवटे, साधारण ४ मिलिमीटर. कंपनीचं नाव मुद्दामच टाकत नाहीये. एक तर मॉडेल सारखी बदलतात, नाव तेच राहतं आणि आतला साचा वेगळा होतो. आणि माझा पाय पुढे रुंद, टाचेला अरुंद आहे, तुमचा तसा नसेल तर नाव कळून तुम्हाला काहीच उपयोग नाही. उपयोग आहे तो शूज कसे निवडायचे आणि कसे वापरायचे याचा, आणि ते मला पहिल्या ट्रेकआधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

पहिल्या ट्रेकला मी रोजचे पळायचे शूज घालून गेले होते. चढताना काहीच जाणवलं नाही. शूज कळतात ते उतरताना. त्या उतारावर सगळा घसारा होता, बारीक खडी आणि सुटा मुरूम, आणि माझ्या शूजचा सोल मऊ नि झिजून जवळपास सपाट झालेला, त्यामुळे पाऊल टाकलं की ते आधी दोन बोटं सरकणार आणि मग थांबणार, प्रत्येक वेळी. दीड तास मी फक्त जमिनीकडे बघत उतरले. खाली पोचल्यावर मैत्रीण म्हणाली, "अगं, समोरच्या डोंगरावर ऊन कसलं पडलं होतं, बघितलंस ना?" मी काहीच बघितलं नव्हतं. मला फक्त दगड आठवत होते. घरी येऊन मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं निळी पडलेली, पुढे ती काळी होऊन गळून गेली.

मग शूज घ्यायला गेले आणि दुकानात जवळजवळ दोन तास काढले, तेवढे काढाच. संध्याकाळी गेले होते, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि ट्रेकवर तर अजून सुजतात, सकाळी नीट बसलेला बूट दुपारी चावायला लागतो. ट्रेकला जे जाड मोजे घालणार होते तेच सोबत नेले. दुकानातला मुलगा सारखा म्हणत होता, "मॅडम, ट्रेकिंग म्हणजे घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफच घ्या, पाय मुरगळणार नाही." घालून बघितले. एकेक बूट ६०० ग्रॅमच्या वर होता. दिवसभरात हजारो वेळा तो पाय उचलायचा असतो, वजन पाठीवर वाहण्यापेक्षा पायात वाहणं जास्त दमवतं. पाठीवर मोठी सॅक असेल, बर्फात जायचं असेल, अनेक दिवसांचा प्रवास असेल तर उंच बुटांना पर्याय नाही हे मी मान्य करते. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या नवशिक्या माणसाला, पाठीवर पाच-सहा किलो असताना, खाली संपणारे हलके शूज पुरतात. आणि उंच बूट घातला म्हणून पाय मुरगळतच नाही असं काही नसतं. त्या मुलाचा राग नाही आला, पण त्यानं एकदाही विचारलं नाही की तुम्ही कुठे जाणार, किती चालणार, पाठीवर काय असणार. तेच आधी विचारायला हवं ना?

निवडताना मी काय केलं तर आतला इनसोल, म्हणजे तळव्याखालची सुटी गादी, बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि त्यावर उभी राहिले. पाय कडेनं बाहेर येत असेल तर तो शूज अरुंद आहे, पुढचं बघायचंच नाही. मग शूज घालून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का बघितलं. मग दुकानातल्या उतरत्या फळीवर दहा वेळा खाली आले, पाय जोरात आपटत. बोटं पुढे टेकली तर एक साइझ वर. माझ्या नेहमीच्या मापापेक्षा अर्धा साइझ मोठा निघाला. आणि टाच मागे उचलली जात नाहीये ना, ते शेवटी. पाच जोड्या नाकारून सहावी घेतली.

पण शूज योग्य असूनही दुसऱ्या ट्रेकला बोटं पुढे आपटायला लागलीच, तेव्हा मी फार हिरमुसले होते. ग्रुपमधले एक काका, तीसेक वर्षं डोंगरात चालणारे, थांबले आणि म्हणाले, "बस खाली, लेस सोड." त्यांनी दाखवलं ते असं: बसायचं, पाय पुढे करून टाच जमिनीवर दोनदा आपटायची म्हणजे ती मागे घट्ट बसते. मग लेस खालपासून एकेक पदर ओढत वर यायचं. सगळ्यात वरची दोन भोकं असतात ना, त्यातल्या शेवटच्या भोकात लेस समोर न नेता त्याच बाजूनं आत घालायची, म्हणजे एक छोटा फास तयार होतो. दोन्हीकडे असे फास झाले की उजवी लेस डाव्या फासातून, डावी उजव्यातून, आणि ओढून गाठ. टाच अशी जखडली जाते की उतारावर पाय पुढे सरकतच नाही. एवढंच. त्या दिवसापासून माझं एकही नख काळं पडलेलं नाही. आता चढ संपला की मी उतरायच्या आधी दोन मिनिटं बसतेच, कोणी पुढे गेलं तर जाऊ देत. चढताना मात्र वरच्या लेस जरा सैल ठेवते, घोटा मोकळा वाकतो.

वॉटरप्रूफ न घेतल्याचा पश्चात्ताप झाला का? एकदाही नाही. त्या बुटांतला पडदा बाहेरचं पाणी अडवतो हे खरं, पण घामाची वाफ बाहेर जायलाही वेळ लावतो, आणि ओढा ओलांडताना पाणी वरून आत गेलं की ते बाहेर यायला जागाच नसते, दिवसभर डबकं पायात. माझ्या जाळीच्या शूजमध्ये पाणी लगेच शिरतं आणि तितक्याच लगेच निघून जातं. ओढ्यानंतर थोडा वेळ पचक पचक आवाज येतो, मग मोजे बदलले की तास-दीड तासात पाय जवळजवळ कोरडा. मोजे सुती घालू नका मात्र, सुती कापड पाणी धरून ठेवतं, ओली कातडी घासून घासून फोड येतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. आणि थंडीत, बर्फाळ चिखलात जाळीचे शूज चालणार नाहीत, तिथे वॉटरप्रूफच हवेत.

फोडाबद्दल एक सांगायचंच आहे. फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते, हुळहुळते. त्या क्षणी थांबायचं. "पुढच्या टप्प्यावर बघू" म्हणून चालत राहिलात की संपलं, पुढचे चार तास दुसरं काही सुचत नाही. मी डाव्या टाचेवर हा प्रकार नव्या शूजमध्ये तिसऱ्या ट्रेकला अनुभवला, शूज काढला, टाच पुसून कोरडी केली, चिकटपट्टीचा तुकडा कोपरे गोल कापून लावला, कारण टोकदार कोपरा मोज्याला अडकून सुटतो. परत येईपर्यंत पट्टी जागची हलली नव्हती.

ग्रिप. सुक्या कातळावर उत्तम, घसाऱ्यावर खूप चांगली, चिखलात बरी, दातांत माती अडकते पण चालता चालता गळून जाते. ओल्या शेवाळलेल्या दगडावर मात्र वाईट, तिथे विश्वास ठेवू नका. तसे तिथे बहुतेक सगळेच सोल घसरतात, पण हे जरा जास्तच. हे दातवाले रबरी सोल मुळात कसे आले ते वाचलं तेव्हा मला गलबलून आलं होतं. १९३५ मध्ये आल्प्समध्ये इटलीच्या व्हिताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा साथीदार गेले, आणि त्यात पायातली अपुरी पादत्राणं हे एक कारण होतं. त्यानंतर त्यानं रबराचा दातेरी सोल बनवला, १९३७ चं पेटंट आहे, हे सोल बनवणाऱ्या कंपनीचं व्हिब्रम हे नाव त्याच्याच नाव-आडनावावरून आलेलं. १९५४ मध्ये के२ शिखर पहिल्यांदा सर झालं तेव्हा त्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हेच सोल होते. आता शूज उलटा करून ते दात बघितले की मला हे आठवतंच.

वाईट गोष्टी. नवव्या महिन्यात उजव्या करंगळीजवळ, जिथे शूज वाकतो तिथे, जाळी फाटली. पुढच्या रबराचा डिंक एका बाजूनं सुटला, मी तो चिकटवून वर वजन ठेवून रात्रभर ठेवला, अजून टिकलाय. कंपनीला फोटोसकट मेल केला होता, उत्तरच आलं नाही, त्याचं मला वाईट वाटलं. इनसोल सहा महिन्यांत चपटा झाला, तो बदलला. सोबत आलेल्या लेस गुळगुळीत होत्या, सारख्या सुटायच्या, त्याही बदलल्या.

कोणाचे जुने शूज मिळत असतील तर जरा थांबा. त्याच काकांनी एकदा माळ्यावर ठेवलेले आठ वर्षं जुने बूट घातले, दिसायला नवेकोरे, मोजून तीन-चार वेळा वापरलेले. अर्ध्या तासात उजव्या बुटाचा सोल मागून उघडला, आणखी दहा मिनिटांत डावा. मधला थर हाताला पावासारखा भुसभुशीत लागत होता. पॉलियुरेथेनचा तो थर हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजत जातो, वापरलात नाहीत तरी, उलट नुसते पडून असले की कळतच नाही. सोबतच्या जादा लेसनं सोल बांधून आम्ही त्यांना हळूहळू खाली आणलं. तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये एक जादा लेस कायम असते. ओले शूज शेकोटीजवळ किंवा हीटरवर वाळवू नका, डिंक सुटतो, आत कागदाचे बोळे भरून सावलीत ठेवा.

कोणी म्हणेल एवढं सगळं कशाला, लोक साध्या बुटांत चालतातच की. चालतात. एमा गेटवुड या बाईंनी १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल एकटीनं सलग चालून पुरी केली, ३००० किलोमीटरहून जास्त अंतर, पायात साधे कॅनव्हासचे बूट. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. तुमचे आहेत ते बूट चावत नसतील, सोल झिजलेला नसेल आणि वाट सपाट मळलेली असेल तर पहिला ट्रेक त्यातच करा, शूजसाठी अडून राहू नका. फक्त वाट छोटी निवडा. स्कॉटलंडच्या नेस्मिथ या गिर्यारोहकानं १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब अजून वापरतात: ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे ६ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ असेल तर जवळजवळ पावणेदोन तास. नव्या माणसानं त्याची दुप्पट धरावी, कारण थांबायचं असतं, बघायचं असतं, आणि तेवढा वेळ हातात नसला की सगळी मजा जाते.

माझ्यासाठी फरक पडला तो पाचव्या ट्रेकला. तसाच घसाऱ्याचा उतार होता. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की मी बराच वेळ पायांकडे बघितलंच नाहीये, वाऱ्यानं गवत एका बाजूला झोपत होतं आणि परत उठत होतं ते बघत उतरत होते, खाली कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता आणि तो कुठून येतोय ते शोधत होते. पाऊल आपोआप बसत होतं. मैत्रिणीला हाक मारून थांबवलं आणि आम्ही दोघी तिथेच दगडावर बसून राहिलो.

आता टाचेकडचे दात बाहेरच्या कडेला जवळजवळ सपाट झालेत, नखानं चाचपलं तर कळतं. मातीच्या वाटेवर अजून चालतात, पण गेल्या ट्रेकला सुक्या कातळावरही दोनदा पाय सटकला, म्हणून अवघड उतारासाठी ही जोडी आता बंद. नवी घ्यायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे, संध्याकाळी, मोजे सोबत घेऊन.