ओनील यांचा १८५० धुनांचा संग्रह: वाजवायला उत्तम, नावांच्या बाबतीत सावध

शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली काढलेला ‘म्युझिक ऑफ आयर्लंड’ हा आयरिश फिडल (म्हणजे लोकधुनांसाठी वाजवलं जाणारं व्हायोलिनच) शिकणाऱ्याने घ्यावाच असा संग्रह आहे. गोव्यात मेस्ताकडे (चर्चच्या शाळेतल्या संगीतशिक्षकाकडे) सोल्फा, म्हणजे दो-रे-मी, गिरवून व्हायोलिन हाती घेतलेल्याला तो सहज वाचता येईल. पियानोची साथ नाही, एका ओळीत नुसती धून. जिग, रील, हॉर्नपाइप हे नाचाच्या धुनांचे प्रकार: ४१५ डबल जिग, ३८० रील, २२५ हॉर्नपाइप, ६० स्लिप जिग. शिवाय जुना आयरिश हार्पवादक कॅरोलन याच्या ७५ रचना, ६२५ संथ चाली, बाकी लाँग डान्स, मार्च वगैरे. बहुतेक नाचाच्या धुना पहिल्या पोझिशनमध्येच, म्हणजे हात पट्टीवर वर न सरकवता, बसतात. व्हायोलिन नाट्यगीतासाठी सा-पमध्ये लावलेलं असेल तर चारही तारा आधी जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य सुरांत लावा, नाहीतर बोटांचा हिशेब चुकतो. ई तार हळूहळू चढवा; घाईत तीच आधी तुटते.

नोटेशन मात्र सांगाड्यासारखं आहे. रोल, कट (स्वरांना सजवणाऱ्या छोट्या हरकती), बो म्हणजे गज कुठे वळवायचा, यातलं फार थोडं लिहिलंय. रील छापल्याबरहुकूम वाजवली तर कवायत वाटते, म्हणून प्रत्येक धुनेसोबत एखादं जुनं रेकॉर्डिंग ऐकणं भागच आहे.

खरी गंमत आणि खरा धोका नावांत आहे. बंदीश आपण मुखड्याने ओळखतो, मांडो हे गोव्याचं कोकणी गीत पहिल्या ओळीने. नाचाच्या धुनेला शब्दच नसतात, त्यामुळे नाव म्हणजे नुसती अडकवायची खुंटी. ती गावागणिक बदलते. ‘मिस मॅक्लाउड्स रील’ घ्या. आयरिश मैफलीत ती घरचीच वाटते, पण १८०९ साली ती स्कॉटलंडच्या गो घराण्याच्या पाचव्या संग्रहात छापली गेली होती, नावात रासे बेटाच्या मॅक्लाउड घराण्याचा उल्लेख करून. अमेरिकेत तीच ‘हॉप हाय लेडीज’ झाली. ओनील यांच्या संग्रहात सापडली म्हणून धून आयर्लंडात जन्मली, असं धरून चालणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

नावाच्या शब्दांवरून गोष्ट रचायलाही जाऊ नका. ‘द रेक्स ऑफ मॅलो’मधले रेक म्हणजे दाताळं नव्हे, उनाड तरुण, कॉर्क परगण्यातलं मॅलो अठराव्या शतकात औषधी झऱ्यासाठी गाजलेलं गाव होतं. ‘ह्यूमर्स ऑफ’ अमुक गाव, यात विनोदाचा काही संबंध नाही, तिथली लहर, रंगत एवढाच अर्थ. ‘प्लँक्स्टी’ने सुरू होणाऱ्या कॅरोलनच्या रचना बहुधा त्याच्या आश्रयदात्यांच्या नावाच्या. बिननावाच्या धुनांना ओनील यांनीच नावं दिल्याचीही उदाहरणं आहेत. पुढच्या संग्राहकांनी अशा ठिकाणी सरळ ‘गन अन्यम’ लिहिलं, म्हणजे आयरिशमध्ये ‘नाव नसलेली’. आम्हाला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

यात ओनील यांना दोष देता येत नाही. त्यांना स्वरलेखन येत नव्हतं. लहानपणी कॉर्कमध्ये कानावर पडलेल्या धुना त्यांनी आठवून ऐकवल्या आणि शिकागो पोलिसांतलेच वादक जेम्स ओनील यांनी त्या लिहून घेतल्या. शिकागोतल्या इतर वादकांकडूनही जमवल्या. आठवणीतून कागदावर येताना एखादा स्वर सरकणारच.

धून पडताळायची असेल तर नाव बाजूला ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या भागाचे पहिले दोन-दोन बार (उभ्या रेघांमधले कप्पे) घ्या, ठोक्यावरचे स्वर सोल्फात लिहा, ऐकलेला आणि छापलेला असे दोन्ही नमुने एकाच ‘दो’वर आणा आणि मग ताडून बघा. पहिला भाग जुळून दुसरा वेगळा निघाला तर बहुधा दोन धुनांची सरमिसळ झालेली असते. वहीत नावाशेजारी संग्रहातला क्रमांक लिहा. १ ते १८५० असे सलग क्रमांक आहेत आणि नावापेक्षा तेच भरवशाचे.

सोबत ओनील यांचंच १९१० चं ‘आयरिश फोक म्युझिक: अ फॅसिनेटिंग हॉबी’ ठेवा. एका धुनेची अनेक नावं आणि वादातलं मूळ यांवर त्यात भरपूर मजकूर आहे. नाचापुरतंच हवं असेल तर १००१ धुनांचा १९०७ चा संग्रह पुरेल.

हे सगळं स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, स्कॅन फुकट मिळतात. एका पानावर अनेक धुना असल्याने स्वर बारीक दिसतात. लागतील तेवढीच पानं झेरॉक्सवाल्याकडून १४१ टक्क्यांवर ए-३ करून घ्या. जाड बांधणीची प्रत स्टँडवर उघडी राहत नाही, त्यापेक्षा स्पायरल बरी. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत पानांवर बुरशी धरते.