लेटर टाइल्स: प्रौढांना इंग्रजी वाचन शिकवताना कितपत उपयोगी?

प्रौढांना इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी चुंबकी लेटर टाइल्स (अक्षरं छापलेले छोटे तुकडे) खरंच कामाच्या आहेत, पण नुसत्या 26 अक्षरांचा संच घेऊ नका. इंग्रजीत ध्वनी सुमारे 44. 'एसएच', 'सीएच', 'टीएच', 'सीके' या जोड्या एकाच टाइलवर हव्यात, नाहीतर शिकणारा 'शिप'मधला 'श' हा 'स' आणि 'ह' असा तोडून वाचतो. स्वरांचा रंग वेगळा असलेला बरा.

आधी 'मॅप' जुळवा, सुटे आवाज म्हणवून घ्या, मग जोडून. पुढे दर वेळी एकच टाइल बदला: मॅट, सॅट, सिट. शेवटी 'ई' लावली की 'सिट'चं 'साइट' होतं. मूक 'ई' समजवायला याहून सोपी युक्ती नाही. दहा मिनिटं पुरेत. मग तेच शब्द कागदावर, वाक्यात वाचायला द्या, नाहीतर ओळख टाइलपुरतीच राहते.

स्मॉल लिपीच्या टाइलवर खालच्या कडेला रेघ आहे ना, पाहा. नसेल तर फिरलेला 'बी' चक्क 'क्यू' दिसतो आणि 'डी'चा 'पी' होतो. नुसत्या कॅपिटल अक्षरांचा संच नकोच. आणि कार्टून छापलेला? समोर मोठी माणसं बसलेली असतात!