अमृतधामचा टू बीएचके मुलींना कॉट बेसिसवर दिला, वर्ष उलटल्यावरचा अनुभव

नाशकात कॉलेजजवळ फ्लॅट घेऊन स्टुडंट्सना भाड्याने द्यावा का, असं बरेच जण विचारतात आणि उत्तर देणारे बहुतेक एजंटच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आमचा फ्लॅट पंचवटीत अमृतधामला आहे, रिसेलचा. माझ्या नावावर घेतला कारण महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत 1% सूट मिळते. पाच मुली कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका कॉटचं वेगळं भाडं देऊन राहतात, सगळ्या इंजिनिअरिंगच्या. ॲडमिशनचा सीझन पण बघितला आणि सुट्टीत रिकामं पडलेलं घर पण.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. विद्यापीठाजवळ आहे म्हणून नाशकात एक रुपया जास्त देऊ नका. आम्हालाही आधी गोवर्धनकडे आणि मग म्हसरूळला फ्लॅट दाखवले, "ताई, युनिव्हर्सिटी हाकेच्या अंतरावर आहे, भाडेकरू रांगेत उभे राहतील" म्हणून. आता बघा, गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 चं, नाव मोठं, कामही मोठं, पण तिथले बहुतेक विद्यार्थी राज्यभर आपापल्या गावी राहून शिकतात, त्यांना नाशकात खोली कशाला लागेल? म्हसरूळचं आरोग्य विद्यापीठ 1998 चं, त्याला राज्यातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेदची कॉलेजं जोडलेली आहेत, म्हणजे मुलं त्या त्या कॉलेजात, इथे मुख्यतः कारभार. दोन्ही ठिकाणी फॅमिली भाडेकरू मिळेल, चांगला मिळेल, पण कॉट बेसिसचं गणित तिथे बसत नाही. मुलं रोज जिथे वर्गात बसतात ती ठिकाणं वेगळी आहेत, के. के. वाघ इंजिनिअरिंग कॉलेजचं अमृतधाम, आडगावला मेटची कॉलेजं आणि मविप्र संस्थेचं मेडिकल कॉलेज, त्र्यंबक रोडला महिरावणीत संदीपची कॉलेजं, आणि गंगापूर रोड-कॉलेज रोडचा पट्टा जिथे कॉलेजं पण आहेत आणि नीट-जेईईचे क्लासेस पण. कॉलेज रोडचे भाव आमच्या आवाक्यात नव्हते, आणि तिथे फ्लॅटची किंमत ज्या पटीत चढते त्या पटीत कॉटचं भाडं चढत नाही. म्हणून अमृतधाम. घ्यायच्या आधी सकाळी कॉलेज भरायच्या वेळी जाऊन उभं राहायचं, मुलं चालत कुठून येतात ते बघायचं, बस. त्या गल्ल्यांतच घर शोधा.

आता पैसे. फ्लॅट, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, कॉट-गाद्या, कपाटं, गीझर, वॉशिंग मशीन सगळं धरून साधारण साडेएकोणचाळीस लाख गेले. एका कॉटचे 3800, पाच कॉटचे 19 हजार. ऐकायला छान वाटतं कारण फॅमिलीने याच घराचे बारा हजार दिले असते. पण हे 19 बारा महिने मिळत नाहीत, दहाच धरा. म्हणजे 1 लाख 90 हजार. त्यातून मेंटेनन्स, सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागतो तो), घरपट्टी, वायफाय, झाडूपोछ्याच्या मावशी, प्लंबर, एजंट असे सगळे मिळून 55 हजारांच्या आसपास गेले. हातात 1 लाख 35. साडेतीन टक्के पण पडत नाही. बँकेच्या एफडीला याच्यापेक्षा जास्त मिळतं, हे मी स्पष्ट लिहितेय कारण "आठ-दहा टक्के रेंटल" असं छातीठोक सांगणारे भेटतात, आणि ते खर्च आणि मे-जून धरतच नाहीत. लोन काढून तर अजिबात घेऊ नका, व्याजच भाड्याच्या दुप्पट होईल. आमच्याकडे गावची जमीन विकल्याचे पैसे होते आणि पुढे लेकीला घर होईल असा विचार होता, म्हणून आम्हाला चालतंय आणि परत घ्यायचा झाला तरी हाच घेईन. टॅक्सला मात्र एक बरं आहे, घरपट्टी वजा करून जे भाडं उरतं त्यावर सरळ 30% वजावट मिळते, खर्चाच्या पावत्या दाखवायला लागत नाहीत.

रिकाम्या महिन्यांचं जरा समजून घ्या. इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरचे कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, लांबत लांबत जातात, मुलगी प्रत्यक्ष सामान घेऊन येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो, कधी सप्टेंबर. सेकंड-थर्ड इयरच्या मुली जुलैमध्येच परत येतात. त्यामुळे पाचही कॉट फर्स्ट इयरला दिल्या तर सगळं घर एकदम रिकामं आणि एकदम भरणार, म्हणून मी मिक्स ठेवते, तीन जुन्या दोन नव्या. जुन्या मुलीच नवीन घेऊन येतात, एजंटला एक महिन्याचं भाडं द्यायचं वाचतं, आणि कुणाचं कुणाशी जमेल हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

कागदपत्रात कंटाळा करू नका. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाड्याचा करार रजिस्टर करणं ही आपल्याकडे घरमालकाची जबाबदारी आहे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55, आणि करार रजिस्टर नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. खर्च तरी किती, स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के म्हणजे किरकोळ, रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत 1000. अंगठ्याचे ठसे घ्यायचं थंब मशीन घेऊन माणूस घरी येतो, त्यामुळे आईवडील सामान सोडायला येतात त्याच दिवशी त्याला बोलवायचं, नाहीतर ते एकदा सटाण्याला-शहाद्याला परत गेले की पुन्हा तारीख जुळत नाही. मुलगी 18 ची नसेल तर करार पालकांच्याच नावाने, तिच्या सहीला कायद्याने किंमत नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची तीही त्याच आठवड्यात उरकायची.

सोसायटीचा त्रास झाला, तो पण सांगते. मीटिंगमध्ये दोन-तीन जणांनी "स्टुडंट नको" म्हणून आवाज चढवला आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मनाला येईल तो लावायला निघाले. 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे तो सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे मी प्रिंट काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा विषय संपला. आणि आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं आणि कराराची कॉपी द्यावी लागते. पण नुसता कायदा दाखवून शेजार टिकत नाही हो. मी मुलींना घेऊन मजल्यावरच्या चारही घरी जाऊन आले, माझा नंबर दिला. आता समोरच्या काकू संकष्टीला त्यांना खिचडी देतात.

वीजबिल भाड्यात धरू नका, हे तर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. महावितरणचे स्लॅब 100 युनिटला, 300 ला आणि 500 ला बदलतात, फॅमिली शंभर-दीडशेत भागवते, पण पाच मुलींची सकाळची अंघोळ आणि एक गीझर म्हटलं की थंडीत तीनशे पार होतं आणि वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं. आपल्याकडची थंडी माहितीये ना, डिसेंबरमध्ये गीझर बंदच होत नाही. आता बिल आलं की ग्रुपवर फोटो टाकते, त्या पाच जणी वाटून भरतात, आणि बिल आपोआप कमी झालं.

एक गोष्ट अजून. कळवणहून एक आई आली होती मुलीला घेऊन. भाड्याचं एका शब्दानेही बोलली नाही. बाथरूमची कडी आतून लावून बघितली, सोडून बघितली, परत लावली. मग गॅलरीत जाऊन खालचा रस्ता बघितला आणि विचारलं, क्लासवरून आठला परत येताना इथे लाईट असतो का. गेटपाशीचा दिवा बंद होता तेव्हा. त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आणून मी तो बदलून घेतला आणि दाराला सेफ्टी डोअर बसवलं. मुलगी अजून आमच्याकडेच आहे. दोन हजार भाडं वाढवायच्या मागे लागण्यापेक्षा कडी, दिवा, पाण्याची वेळ आणि जवळची चांगली मेस एवढं बघा, कॉट रिकामी राहत नाही.

सध्या कुंभमेळ्याची हवा आहे. पंचवटीत ज्याची त्याची एकच चर्चा, 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरला पोरांना बाहेर काढा आणि यात्रेकरूंना दिवसाच्या रेटने द्या. मलाही दोघांनी विचारलं. पण नेमकी तीच कॉलेज सुरू व्हायची वेळ, तेव्हा बाहेर काढलेली मुलगी खोली शोधणार कुठे, आणि तेही गाव माणसांनी भरलेलं असताना? मी नाही म्हणून सांगितलंय, आणि मुलींच्या आईवडिलांनाही आत्ताच कळवून टाकलंय की जुलै 2027 चा करार नेहमीसारखा 11 महिन्यांचाच होईल.