साखळी की स्वीडिश? अटलांटिकच्या शर्यतीत वॉच लावण्याआधी

कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला जाणाऱ्या शिडाच्या बोटीवर जागा पक्की झाली, की काही दिवसांत कप्तान विचारतो: वॉच (म्हणजे डेकवरच्या कामाच्या पाळ्या) कशी लावायची, तुमचं काय मत? आपण तेव्हा कपडे, औषधं, रजा आणि विमानाची तिकिटं यांत इतके अडकलेले असतो की ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणून मोकळे होतो. पहिल्या खेपेला मीही तेच कळवलं होतं. पण २७०० सागरी मैलांच्या वाटेवर तुम्ही कधी झोपणार, कोणाबरोबर जेवणार, कोणाशी ओळख होणार आणि दहाव्या दिवशी तुमचं डोकं किती ठिकाणावर असणार, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं. ज्यांचं उत्तर अजून गेलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझ्या दोन्ही खेपा एआरसीच्याच, म्हणजे ‘अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स’च्या. १९८६ साली सुरू झालेली ही रॅली १९९० पासून सेंट लुशियाला संपते. दोन्ही वेळा बोट पंचेचाळीस फुटांच्या आसपासची, माणसं आठ, आणि आम्ही शर्यतीच्या गटात, म्हणजे सुकाणूचं चाक चोवीस तास कोणाच्या तरी हातात. पहिल्या वेळी सतरा दिवस लागले, दुसऱ्या वेळी अठरा. पहिल्या बोटीवर वॉच साखळीने लावली होती, दुसरीवर स्वीडिश पद्धतीने.

साखळी म्हणजे दोघादोघांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडी चार तास वर आणि चार तास खाली, पण दर दोन तासांनी एकच जोडी बदलते. डेकवर कायम चौघं असतात आणि त्यातले दोघं आधीपासून तिथेच असतात. स्वीडिश पद्धतीत चौघांच्या दोन टोळ्या. दिवसा सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या, रात्री चार-चारच्या तीन. दिवसाचे पाच तुकडे पडतात आणि पाच हा आकडा विषम असल्यामुळे पाळी रोज आपोआप उलटते. आज तुमच्या वाट्याला रात्रीच्या दोन पाळ्या आल्या, तर उद्या एकच. मर्चंट नेव्हीतल्यांना चार तास काम आणि आठ तास सुट्टी ठाऊक असते. आपल्याकडे तेवढी माणसं नसतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

साखळीचा गुण मी मनापासून मान्य करतो. मध्यरात्री बाराला मी वर यायचो, तेव्हा मला काही दिसायचं नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. पण चाकावर असलेला माणूस दहापासून तिथेच असायचा. त्याच्या अंगात लाट मुरलेली असायची. ‘दोन बारक्या येतात, मग मागून डाव्या कुशीला एक मोठी. ती उचलायच्या आधीच चाक फिरव, उचलल्यावर उशीर होतो,’ असं तो सांगायचा आणि मी शेजारी बसून पायाखाली ती लाट ओळखायला शिकायचो. अर्ध्या तासाने चाक घेतलं की बोटीला माणूस बदलल्याचं कळतही नसे. स्वीडिशमध्ये चारही जण एकदम झोपेतून उठून येतात. पहिली पंधरा मिनिटं बोटीचा वेग अर्धा नॉट तरी पडतो, असं मला दर वेळी वाटायचं. मोजून पाहिलेलं नाही, पण चाकाखालचं पाणी वेगळं वाजतं, ते कळतं. शर्यत जिंकायलाच निघालेल्या कप्तानाला साखळी आवडते ती यामुळेच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

माझं मत फिरलं ते वेल्क्रोमुळे.

वॉटरप्रूफ डगल्याला मनगटाशी वेल्क्रो, गळ्याशी वेल्क्रो, पँटच्या घोट्याशीही वेल्क्रो. साखळीत मी पहाटे चारला खाली यायचो. ओले कपडे उतरवून, दोन बिस्किटं खाऊन बंकवर आडवा व्हायला साडेचार वाजत. बंकच्या कडेला बांधलेलं कापड ओढून घेतलं की बोट कितीही हिंदकळली तरी माणूस खाली पडत नाही. त्या कापडात अंग टेकवलं की झोप लगेच लागायची. पण सहाला वर जाणारी जोडी साडेपाचलाच उठायची. आधी लाल हेडटॉर्चचा ठिपका पापण्यांवरून फिरायचा. मग किटलीत पाणी पडायचं. मग कुजबुज, आणि कुजबुज मोठ्या आवाजाहून वाईट, कारण कान तिच्यातले शब्द शोधत बसतो. मग चर्रर्र. एक मनगट, दुसरं मनगट, गळा, घोटे. सहानंतर वरची जोडी खाली यायची आणि तेच आवाज उलट्या क्रमाने सुरू व्हायचे. साडेसहाला पुन्हा डोळा लागायचा आणि साडेसातला मलाच हलवून उठवलं जायचं.

म्हणजे कागदावर चार तासांची सुट्टी आणि हाती एकेका तासाचे दोन तुकडे. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं म्हणतात. साखळीत ते पुरं होण्याआधीच कोणाचा तरी वेल्क्रो निघायचा. दुपारच्या सुट्टीत दोन वाजता तेच, रात्रीच्या सुट्टीत दहाला तेच. यात दोष कोणाचा नव्हता. सगळी माणसं सभ्य होती, आवाज होऊ नये म्हणून वेल्क्रो हळूहळू सोडवायची. हळू सोडवला की तो जास्त वेळ वाजतो.

पहिला आठवडा अंगातल्या उत्साहावर निघाला. अकराव्या रात्री तीनच्या सुमाराला चाकावर उभा असतानाच माझे डोळे मिटले. किती सेकंद ते सांगता येणार नाही. स्पिनेकर (पुढचं मोठं फुगीर शीड) मिटून पुन्हा भरल्याचा तडाखा बसला, तेव्हा मी जागा झालो. तोवर त्याचा पीळ फोरस्टेला, म्हणजे डोलकाठीला पुढून ताणणाऱ्या तारेला, बसला होता. तो सोडवायला चाळीस मिनिटं लागली आणि खालच्या चौघांनाही उठवावं लागलं. शीड फाटलं नाही, कोणाला लागलं नाही. पण आठ माणसांचा भरवसा माझ्या हातात असताना माझे डोळे मिटले होते, ही गोष्ट अजूनही मला टोचते.

दुसऱ्या खेपेला कप्तानाने स्वीडिश पद्धत सांगितली, तेव्हा सहा तासांच्या पाळीचं दडपण आलं होतं. दडपण अगदीच खोटं नव्हतं. दुपारी दोन ते रात्री आठ ही पाळी उष्ण कटिबंधात जड जाते. शर्यतीच्या बोटीवर डोक्यावर छत नसतं, चार वाजेपर्यंत डेकवर पाय ठेववत नाही. आम्ही चाक दर पाऊण तासाला बदलायचो, तरी सहानंतर बोलायचं त्राण कोणात उरायचं नाही. पण त्या पाळीच्या आधी खालीही तेवढाच वेळ मिळायचा. चौथ्या दिवशी सकाळी आठला खाली येऊन मी जो झोपलो तो थेट एक वाजता उठलो. पाच तास खाली कोणी हललं नाही, कारण जे खाली होते ते सगळेच झोपलेले होते. त्या झोपेत मला स्वप्न पडलं. आदल्या खेपेला सतरा दिवसांत एकदाही स्वप्न पडल्याचं आठवत नाही.

रात्रीच्या चार तासांतही खाली येऊन सलग तीन तास झोप मिळायची. आवाज व्हायचे ते पाळीच्या दोन टोकांना. मधला वेळ अखंड. कागदावर दोन्ही पद्धतींत काम आणि आराम सारखेच भरतात, म्हणून तक्ता पाहून निवड करणारे फसतात.

जेवणाचंही तसंच. स्वीडिशमध्ये दुपारी दीड आणि संध्याकाळी साडेसात या वेळांना आठही माणसं जागी असतात. एक टोळी जायच्या तयारीत, दुसरी उतरायच्या. आम्ही कुकर नेला होता. झाकण पक्कं बसत असल्यामुळे बोट कितीही झुकली तरी खिचडी सांडत नाही, आणि झुल्यासारखी टांगलेली शेगडी असली तरी हा भरवसा लागतोच. सव्वा वाजता कुकर लावायचा आणि त्याच्या शिट्टीने खालची टोळी उठायची. वेगळं उठवायला जावं लागत नसे. साखळीत कुकरची शिट्टी कोणत्याही वेळी कोणाच्या तरी ऐन झोपेत वाजायची, म्हणून तिथे आम्ही पातेल्यात शिजवायचो आणि उशिरा उतरणारी जोडी गार अन्न खायची.

शर्यतीच्या दृष्टीनेही एक फायदा आहे, तो बोलण्यात फारसा येत नाही. स्पिनेकर वर असताना जाइब करायची, म्हणजे वारा मागून असताना शिडं एका कुशीवरून दुसरीवर घ्यायची, तर हात जास्त लागतात. स्वीडिशमध्ये पाळी बदलताना आठ जण कपडे करून तयार असतात, म्हणून आम्ही जाइब आणि मोठे शीडबदल शक्यतो आठ आणि दोनच्या ठोक्याला ठेवायचो. साखळीत पाळी बदलतानाही सहाच जागे. उरलेल्या दोघांना उठवायचं, म्हणजे त्यांचा तो एक तासाचा तुकडाही गेला.

आणि माणसं. साखळीत माझी जोडी बारा ते चार, आठ ते बारा, चार ते आठ अशी बांधलेली होती. रोज त्याच वेळा. पहाटे चार ते आठ सुट्टी, म्हणून सूर्योदय दोनदाच पाहिला, तोही झोप मोडल्यावर. ज्याच्याबरोबर बंक वाटून घेतला होता तो मी वर असताना खाली आणि मी खाली असताना वर. बंक त्याच्या अंगाने उबदार असायचा, उशीला त्याच्या सनस्क्रीनचा वास यायचा, पण शिडीवरच्या ‘ठीक आहे ना?’पलीकडे आमचं बोलणं झालं नाही. तो दंतवैद्य आहे हे मला सेंट लुशियातल्या रॉडनी बेला उतरल्यावर कळलं. स्वीडिशमध्येही दुसऱ्या टोळीशी भेट पाळी बदलतानाच होते, पण तिथे निदान जेवण मधे असतं, आणि पाळी उलटत असल्यामुळे सूर्योदय सगळ्यांच्या वाट्याला येतो.

घड्याळाचं आधीच ठरवून घ्या. पश्चिमेला जाताना सूर्य वाटेत साधारण तीन तास मागे पडतो आणि सेंट लुशियाचं घड्याळ लास पाल्मासच्या चार तास मागे असतं. म्हणजे कोणाला तरी एकेक तास जास्त उभं राहावं लागणार. आम्ही तो तास दिवसाच्या दोन पाळ्यांत अर्धा-अर्धा वाटायचो. रात्रीच्या पाळीत तास वाढवला की कुरबुर होते, हे पहिल्या खेपेला अनुभवलं होतं.

माझा अनुभव दोनच सफरींचा आणि एकाच समुद्राचा आहे. द ओशन रेससारख्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतींतले व्यावसायिक खलाशी लहान पाळ्यांवर महिने काढतात. त्यांची शरीरं आणि सवयी वेगळ्या. सिडनी-होबार्टसारखी ६२८ सागरी मैलांची शर्यत असेल तर मी स्वतः साखळीच मागेन. तीन-चार दिवसांत झोपेचं कर्ज फेडायची वेळ येत नाही आणि चाकाची सलगता तिथे खरंच उपयोगी पडते. थंडीच्या पाण्यात सहा तास डेकवर काढणं मला झेपेलसं वाटत नाही. माणसं सहापेक्षा कमी असतील तर स्वीडिशच्या टोळ्या फार लहान पडतात. आणि २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दोघी अधिकाऱ्यांनी गोव्याहून ‘तारिणी’ नेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली, तशी दोघांचीच बोट असेल तर ही सगळी चर्चाच गैरलागू.

पण आठ माणसं, व्यापारी वारे आणि दोन आठवड्यांहून लांब वाट असेल, तर कप्तानाला सहा-सहा-चार-चार-चार सुचवून पाहा. लास पाल्मासहून निघाल्यावर पहिले दोन दिवस उलट्या आणि उलथापालथ असते, तेव्हा सहा तास जड जातात. तेवढ्यापुरतं सरळ चार-चार ठेवून तिसऱ्या दिवसापासून स्वीडिश सुरू करा, असंही सांगता येईल. आमच्या कप्तानाने तसंच केलं होतं.

आणि त्यांनी साखळीच ठरवली, तर दोन गोष्टी मागून घ्या. बंक मधल्या खोलीतला नको, मागच्या बाजूचा, जिन्याखाली आत सरकणारा द्या म्हणावं. इंजिनाचा वास येतो, पण किटली आणि कपडे बदलण्याचा आवाज तिथे कमी पोचतो. दुसरं, कपडे बदलणं मधल्या खोलीत नको, जिन्याच्या पायथ्याशी व्हावं, आणि मनगटांचे वेल्क्रो वर डेकवर गेल्यावर लावावेत. वाऱ्यात तो आवाज कोणाला ऐकू येत नाही.