शिसवाच्या नावाखाली आंबा: सहा ठोकळ्यांची गोष्ट

पोस्टातून निवृत्त झालो आणि लाकूड कातायला लागलो. कुडाळला घर, सावंतवाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गुरू शोधावा लागला नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या कातारीच्या पायाशी बसून गाऊज, म्हणजे कातायची पन्हाळीदार छिन्नी, धरायला शिकलो. मग लाकूड गरगर फिरवणारं यंत्र, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर असलेला जुना लेथ घेतला आणि पडवीत बसवला. बायकोने पडवी गेली म्हणून आठवडाभर तोंड फुगवलं. पहिला धड वाडगा तिच्या हातात दिला तेव्हा ती हसली.

फोटोंचा नाद त्याच्या मागोमाग लागला. पडवीला उत्तरेकडे एक गजांची खिडकी आहे, तिच्यातून सकाळी नऊनंतर मऊ उजेड येतो. त्यापुढे राखाडी कार्डशीट वाकवून ठेवायची, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, मोबाइल स्टँडवर आणि टायमर तीन सेकंदांचा. एक छोटी लबाडीही करतो, ती आधीच कबूल करतो. फोटोच्या आधी वाडग्यावर तेलाचा बोळा फिरवला की रेषा उठून दिसतात, लाकूड दोन छटा गडद होतं. ही लबाडी मला येते, तेव्हा दुसऱ्याची मला पकडता येईल असं मी धरून चाललो होतो. इथेच गाडी घसरली.

चुलत्यांच्या जुन्या पलंगाचा एक मोडका पाय मला मिळाला होता, अस्सल शिसव. त्यातून वीतभराचा वाडगा निघाला. त्याचा फोटो मी लाकूडकामवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. ‘काका, फोटोतला उजेड काय पकडलाय! ओरिजिनल साइजमध्ये पाठवाल का? शिकायचंय.’ मी पाठवला. कुणी शिकायचंय म्हटलं की निवृत्त माणूस पाघळतोच. बोलता बोलता कळलं, त्याच्याकडे शिसवाचे ठोकळे आहेत, जुन्या घराच्या तुळयांतून निघालेले, वीस बाय वीस बाय आठ सेंटिमीटरचे.

फोटो आले, व्हिडिओ आला. काळपट जांभळ्या रेषा, त्यावर हात फिरतोय. एका ठोकळ्याचे सोळाशे. सहा सांगितले. निम्मे पैसे आधी, उरलेले ट्रान्सपोर्टची पावती दाखवल्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, बिल घेतलंत तर जीएसटी वर लागेल. मी कंजूष, गप्प बसलो.

मे महिन्याच्या शेवटी पेटी आली. ठोकळे सगळ्या बाजूंनी मेणात बुडवलेले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ठेवला, दोन किलो आठशे ग्रॅम. घनफळ बत्तीसशे घन सेंटिमीटर. सुकलेलं शिसव घन सेंटिमीटरला साधारण पाऊण ते नऊ दशांश ग्रॅम, म्हणजे दोन किलो चारशे ते दोन किलो नऊशेच्या आसपास बसायला हवं. बसलं! मी खूश. त्याने वर प्रेमाने सल्लाही दिला: ‘काका, घाई करू नका. लाकूड तुमच्या हवेत मुरू द्या, पावसाळा संपला की कातायला घ्या.’

हा सल्ला खरा आहे. कुठलाही कातारी तुम्हाला हेच सांगेल. कोकणातल्या दमट हवेत नवं लाकूड आणलं की थोडे दिवस थांबायचंच असतं. म्हणूनच तो जहरी होता.

गणपती गेल्यावर पहिला ठोकळा लेथच्या फेसप्लेटवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, चढवला. सुरुवातीचा कीस मस्त तपकिरी-जांभळा. गाऊज तीन-चार मिलिमीटर आत गेला आणि कीस पिवळट पांढरा पडायला लागला. मला वाटलं, बाहेरचं कच्चं लाकूड असेल. पण कच्चं लाकूड झाडाच्या कडेला असतं, गाभा आत. इथे रंग बाहेर आणि पांढरं आत, सगळ्या बाजूंनी सारखं! तेवढ्यात चष्म्यावर थेंब उडाले. लेथवर लाकूड पाणी थुंकत होतं. शिसव कातताना जो गोडसर वास पडवीभर पसरतो, तो कुठेच नव्हता.

आंबा. ओला आंबा, रंगाच्या हौदात बुडवलेला आणि वर मेण लावलेला. वजन का जुळलं तेही तेव्हा उमगलं. ओल्या आंब्यातलं पाणी आणि सुक्या शिसवाचं घट्टपण काट्यावर एकच. मेण नुसतं दोन टोकांना असेल तर तो तडे थांबवायचा उपाय. सहाही बाजूंना असेल तर आतलं पाणी कोंडलेलं आहे, मग पावसाळा एक जावो की दोन. एका ठोकळ्याचं मेण खरवडून माळ्यावर ठेवला होता, संक्रांतीला तोलला तर दोन किलो शंभर, आणि मधोमध बोटभर चीर.

आता जुने फोटो परत काढून बघितले. भिंगाची गरजही पडली नाही. दोन ‘वेगवेगळ्या’ ठोकळ्यांवर एकच गाठ होती, एकीकडे डावीकडे, दुसरीकडे उजवीकडे. फोटो आरशासारखा उलटवलेला! व्हिडिओत लाकूड पाण्याने ओलं करून चमकवलेलं, खाली फरशीवर ओघळसुद्धा दिसतोय. माझीच युक्ती, फक्त तेलाऐवजी पाणी. मी तेव्हा ओघळ पाहिला नव्हता, रेषा पाहत होतो.

त्याला फोन लावला तर नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बोललो, मुलगी नीट बोलली, पहिला प्रश्न बिलाचा. सायबरच्या 1930 वरही तक्रार नोंदवली. तो नंबर खरा उपयोगी पडतो पैसे गेल्या गेल्या, खात्यात अडवता येतात तोवर. मी चार महिने माल मुरवत बसलो होतो. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, ‘माल मिळाला ना?’ मिळाला होता.

सावंतवाडीला गुरूंना तो अर्धवट कातलेला ठोकळा दाखवला. त्यांनी नखाने टोकरला, हुंगला आणि म्हणाले, ‘फोटो बघान आता पोरगी सुद्धा कोण पसंत करीत नाय, आणि तुमी लाकूड घेतलात?’ मग चहा मागवला. परत लाकूड घेताना काय करायचं ते चहा पिता पिता सांगितलं: आधी एकच ठोकळा मागवायचा, त्याच दिवशी टोकाची बोटभर चकती करवतीने कापायची, आतला रंग बघायचा, हुंगायचं. स्पिरिटचा बोळा मात्र घासत बसायचं नाही, कारण अस्सल शिसवही स्पिरिटला रंग सोडतं. आणि समोरचा शिसव म्हणतोय, रोझवुड म्हणतोय की शीशम, ते लिहून मागायचं. उत्तरेतला शीशम हे वेगळं झाड, आणि ‘गैरसमज झाला काका’ म्हणायची पळवाट तिथेच असते.

उरलेल्या ठोकळ्यांतून पोळपाट-लाटणी निघतील, आंबा काही वाईट लाकूड नाही. सोळाशे रुपयांचं मात्र नाही.

गेल्या महिन्यात ग्रुपवर एका नव्या सभासदाने एक फोटो टाकला. विचारत होता, ‘शिसवाचे ठोकळे आहेत, विक्रेत्याने त्यातूनच बनवलेला हा नमुना पाठवलाय. घेऊ का?’ वीतभराचा वाडगा, मागे राखाडी पडदा. मोठा करून पाहिला. वाडग्याच्या कडेच्या चकाकीत एक बारीक खिडकी उमटली होती. गज मोजले. सात. माझ्या पडवीच्या खिडकीला सात गज आहेत.

मी लिहिलं, ‘वाडगा माझा आहे. लाकूड त्याचं नाही. मला फोन करा.’