‘बबल’ वाघिणींचा संच: आयर्लंडची सिमेंटगाडी सावर्ड्याच्या माळ्यावर

आयरिश रेल्वे मॉडेल्स या आयर्लंडमधील कंपनीने काढलेला ‘बबल’ सिमेंट वाघिणींचा (वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा) तीन नगांचा संच गेले वर्षभर माझ्या रुळांवर धावतो आहे. ४ मिलिमीटर प्रमाणातील (खऱ्या एका फुटाला मॉडेलचे ४ मिलिमीटर) ब्रिटिश मॉडेल्स हाताळणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींनी हा संच घ्यावा का, असे कोणी विचारले तर मी निःसंकोच हो म्हणेन. मालवाहू वाघिणीचे मॉडेल पाहताना मी एकच गोष्ट आधी तपासतो: ही वाघीण भरतात कशी आणि रिकामी करतात कशी, हे मॉडेलकडे पाहून कळते का? या संचाकडे पाहून ते कळते, आणि माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे मोल आहे.

माझी ही कसोटी गोव्यातल्या सावर्डे स्थानकाजवळच्या घरात तयार झाली. खनिजाच्या गाड्या, मुरगाव बंदरातून कुळेमार्गे कॅसलरॉककडे चढणारा कोळसा आणि १ : ३७ चढाच्या त्या घाटात गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिने पाहत मी वाढलो. प्रवासी गाडी स्थानकात येई आणि जाई. मालगाडी मात्र तासन्‌तास उभी राही, त्यामुळे तिच्याकडे निरखून पाहायला सवड मिळे. मालधक्क्यावर सिमेंट येई ते गोण्यांतून. हमालांच्या खांद्यांवर आणि भुवयांवर बसलेली ती करडी पूड मला अजून आठवते. सिमेंट म्हणजे पाठीवरून वाहायची वस्तू, अशीच माझी पक्की समजूत होती. आयर्लंडमध्ये हेच सिमेंट गोणीविना, सुटे, गोल पोटाच्या टाकीतून नेत असत, हे प्रथम एका छायाचित्रात पाहिले तेव्हा त्या वाघिणींनी मला जे पकडले ते आजतागायत सोडलेले नाही.

आता मूळ वाघिणीविषयी. दोन मोठे घडे एकमेकांना चिकटवून चार चाकांवर ठेवावेत, तसा तिचा आकार असतो. ‘बबल’ हे टोपणनाव त्यावरूनच पडले. हा आकार शोभेसाठी घेतलेला नाही. सिमेंटची बारीक पूड कोपऱ्यांत अडकून बसते, म्हणून टाकीला कोपरेच ठेवलेले नाहीत. वरच्या झाकणांतून पूड भरायची आणि मुक्कामी पोचल्यावर टाकीत दाबाने हवा सोडायची, एवढी साधी रीत होती. हवा मिसळली की कोरडी पूड पाण्यासारखी वाहू लागते आणि नळीवाटे थेट उंच कोठारात चढते. गोलाई हवेचा दाब पेलायलाही उपयोगी पडते. ड्रॉहेडाजवळच्या प्लॅटिन येथील आणि लिमरिकजवळच्या मंग्रेट येथील कारखान्यांतून निघालेल्या अशा गाड्या कॉर्क, वॉटरफर्ड आणि इतर ठिकाणच्या कोठारांपर्यंत जात असत. सी.आय.ई. ही आयर्लंडची सार्वजनिक वाहतूक संस्था, आणि १९८७ पासून तिच्याच छत्राखालची इयार्नरोड एरन ही रेल्वे कंपनी, यांनी ही वाहतूक चालवली. २००९ मध्ये ती थांबली आणि सिमेंट रस्त्यावर गेले.

या वाघिणींच्या इतिहासातला एक प्रसंग मॉडेल हातात घेतल्यावर हटकून आठवतो. ऑक्टोबर २००३ मध्ये लिमरिकहून वॉटरफर्डकडे जाणारी सिमेंटगाडी केअर या गावी शूर नदीवरच्या पुलावर रुळांवरून घसरली, पुलाचा पृष्ठभाग फुटला आणि बऱ्याच वाघिणी खाली नदीत कोसळल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्याच पुलावरून १९५५ च्या डिसेंबरमध्ये साखरबीटची गाडी कोसळली होती आणि तेव्हा मात्र चालक आणि फायरमन दोघेही दगावले. एकाच पुलाने जवळजवळ अर्ध्या शतकाच्या अंतराने दोन मालगाड्या खाली जाताना पाहिल्या. दूधसागरच्या पुलावरून रोज मालगाड्या जाताना पाहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

आयर्लंडची जुनी मालवाहतूक मॉडेलसाठी इतकी आकर्षक का, याचेही उत्तर इथेच मिळते. तिथे जवळजवळ प्रत्येक कामासाठी वेगळी वाघीण होती. वेक्सफर्ड भागातले साखरबीट मॅलोच्या कारखान्याकडे नेणाऱ्या उंच वाघिणी जुन्या पन्हाळीदार उघड्या वाघिणींचे सांगाडे एकावर एक चढवून बनवल्या होत्या, आणि त्या मूळ पन्हाळीदार वाघिणी १९५० च्या दशकात सी.आय.ई.चे मुख्य यांत्रिकी अभियंता असलेल्या ऑलिव्हर बुलीड यांच्या काळातल्या. मॅलोचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. नॅव्हनच्या टारा खाणीतून १९७७ पासून जस्ताचे आणि शिशाचे शुद्ध केलेले खनिज डब्लिन बंदराकडे जाऊ लागले, त्यासाठी वाघिणींचा ताफाच वेगळा. खतासाठी आणि अमोनियासाठीही स्वतंत्र वाघिणी होत्या. खत कंपनी २००२ मध्ये बुडाली आणि ती वाहतूकही संपली. खाण ते बंदर ही वाट सावर्डेकरांना समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे यांतली टारा गाडी मला सर्वांत जवळची वाटायला हवी होती; तरीही मन बसले ते बबलवरच.

संच उघडल्यावर पहिली नजर टाकीच्या वक्रतेवर जाते. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये गोल टाकी म्हटली की दोन अर्धुके जोडल्याची रेष मधोमध दिसते आणि सगळा आभास तिथेच संपतो. इथे ती रेष मला भिंग लावूनही सापडली नाही. हस्तिदंती रंग सपाट, पातळ आणि सारखा बसलेला आहे. टाकीच्या माथ्यावर झाकणांपर्यंत जाणारी जाळीदार पायवाट आहे आणि खालच्या बाजूला नळ्यांची गुंतागुंत आहे. त्या नळ्या स्वतंत्रपणे बसवलेल्या असल्यामुळे त्यांच्यामागून पलीकडचा उजेड दिसतो. मला तरी हा उजेड अक्षरांच्या छपाईहून महत्त्वाचा वाटतो, कारण खऱ्या वाघिणीखाली वाकून पाहिले की तिथेही असाच उजेड असतो.

शेजारचे काका मीटरगेजच्या काळापासून रेल्वेत गार्ड होते. गणपतीच्या दिवसांत ते घरी आले असता मी एक वाघीण त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी तिचा रंग पाहिला नाही की नाव वाचले नाही, चष्मा कपाळावर सारला, वाघीण उलटी केली आणि विचारले, “अरे, ही खाली कुठून करतात?” मी काही बोलायच्या आत त्यांच्या बोटाने नळीचा माग धरला आणि टोकाशी येऊन ते थांबले. “इथे पाइप लावत असणार. म्हणजे हमाल नकोच.” बराच वेळ ते त्या नळीकडे पाहत राहिले. चाळीस वर्षे मालगाड्यांबरोबर काढलेल्या माणसाला जो प्रश्न पहिल्यांदा सुचला, त्याचे उत्तर तळहाताएवढ्या वस्तूत शब्दांवाचून मिळाले. या संचाला मी जे गुण देतो त्यांतले अर्धेअधिक त्या क्षणासाठी आहेत.

रुळांच्या रुंदीविषयी मात्र विकत घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. आयर्लंडचे गेज (दोन रुळांमधले अंतर) १६०० मिलिमीटर, म्हणजे ५ फूट ३ इंच. तिथल्या पहिल्या तीन रेल्वेमार्गांची रुंदी तीन प्रकारची होती आणि तो घोळ निस्तरताना हा मधला आकडा निघाला. १८४६ च्या कायद्याने तो पक्का झाला. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे आयरिश रूळ आपल्या रुळांहून जेमतेम ७६ मिलिमीटर अरुंद. ४ मिलिमीटर प्रमाणात त्यांची रुंदी २१ मिलिमीटर यायला हवी. पण ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या ओओ पद्धतीत सगळ्या गाड्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर चालतात आणि ही मॉडेल्सही त्याच पद्धतीची आहेत. साडेचार मिलिमीटरचा हा फरक बाजूने पाहताना जाणवत नाही, समोरून पाहिले की मात्र भरल्या पोटाची वाघीण अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. बबलच्या फुगीर आकारामुळे ते अधिकच डोळ्यांत भरते. हा दोष उत्पादकाचा नाही, कारण २१ मिलिमीटरचे रूळ स्वतः बांधणारे लोक मूठभर आणि बाजारातली सगळी इंजिने १६.५ वर चालणारी. मी ही तडजोड स्वीकारली आहे आणि रूळ डोळ्यांच्या पातळीवर, बाजूने दिसतील असे मांडले आहेत.

चालण्याच्या बाबतीत समाधान आहे. माझा मांडणीफलक नऊ फूट लांब आणि दोन फूट रुंद, जलरोधक प्लायवूडचा आहे. त्यावरच्या आवळलेल्या वळणांवरून वाघिणी ओढताना आणि शंटिंगच्या (डबे जोडण्या-सोडवण्यासाठी पुढेमागे हलवण्याच्या) वेळी मागे ढकलतानाही रुळांवरून उतरत नाहीत. सांध्यांवरून जाताना चारचाकी वाघिणीचा जो दुहेरी खटका ऐकू यायला हवा तो येतो. दोन वाघिणींमधले अंतर कपलिंगच्या हुकांमुळे खऱ्याहून जास्त राहते, हे मला खटकते; कपलिंगचे खोबण प्रमाणित असल्यामुळे जवळ धरणारे कपलिंग घालून मी ते कमी केले. पुढे इंजिन जोडतो ते मर्फी मॉडेल्सचे १४१ वर्गाचे. मूळ इंजिने जनरल मोटर्सने १९६२ मध्ये अमेरिकेतून आयर्लंडला पाठवली, एकूण ३७. त्याच सुमारास त्याच कारखान्याची डब्ल्यूडीएम-४ ही डिझेल इंजिने भारतातही आली होती. सिमेंटगाडीला ही छोटी इंजिने जोडीने लागत, म्हणून दुसऱ्या इंजिनाचा खर्चही मनात धरून ठेवावा.

खर्चाची गोष्ट निघालीच आहे तर स्पष्ट सांगतो. कुरिअर आणि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीच्या जवळपास निम्मी रक्कम माझी वर गेली. ज्या कुरिअरने पार्सल आणले, त्याच्या गोदामात ते जुलैच्या पावसात अकरा दिवस पडून होते आणि हाती आले तेव्हा बाहेरचा खोका भिजून मऊ पडला होता. आतल्या घट्ट फोमने वाघिणी वाचवल्या. एका वाघिणीची शिडी तेवढी निसटलेली होती, ती मी चिमट्याने आणि टाचणीच्या टोकावरच्या गोंदाने बसवली. बांधणी इतकी काळजीपूर्वक केलेली नसती तर नुकसान मोठे झाले असते.

गोव्याच्या हवेत या वस्तू सांभाळण्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण परदेशी परीक्षणांत ते सापडत नाही. खारी दमट हवा रुळांवर आणि धातूच्या चाकांवर काळपट थर चढवते आणि पंधरा दिवसांत इंजिन अडखळू लागते. जून ते सप्टेंबर मी दर आठवड्याला रूळ आणि चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. वाघिणी मूळ खोक्यात ठेवत नाही, कारण पुठ्ठ्याला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पुड्यांनी रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरतो.

नव्या कोऱ्या हस्तिदंती वाघिणी पाहायला सुंदर दिसतात, पण खऱ्या वाघिणी अशा कधीच नसत. झाकणांभोवती सांडलेले सिमेंट दवाने ओले होई, तिथेच घट्ट होई आणि टाकीच्या पोटावरून खाली करड्या ओघळांचे कवच चढे. तिघींपैकी एकीवर मी हे करून पाहिले. खडूची पांढरी आणि करडी पूड मऊ ब्रशने झाकणाकडून खाली ओढायची, वरून मंद चमकेचा वॉर्निश हलक्या हाताने फवारायचा, वाळू द्यायचे आणि पुन्हा तेच. चार थरांनंतर ती घट्ट झालेली सालपटे खरी वाटू लागतात. सिमेंटचीच पूड वापरायचा मोह कोणाला होईल, पण ती या प्रमाणात जाडीभरडी दिसते आणि आपल्या हवेत रंगाला धरून बसते, तेव्हा ती टाळावी. ओघळ उठल्यावर वाघिणीच्या आकाराला वजन येते, आणि मालधक्क्यावरच्या त्या करड्या भुवयांशी तिचे नाते मला प्रथमच दिसले.

एक अडचण उरते. सिमेंटगाडी एकाच प्रकारच्या वाघिणींची लांबलचक रेक असे, आणि तीन वाघिणींनी ती भासत नाही. शंटिंगसाठी बाजूला काढलेल्या वाघिणी एवढेच काय ते वाटते. माझ्या नऊ फुटांच्या फलकावर नऊ वाघिणी, दोन इंजिने आणि मागे गार्डचा डबा एवढी गाडी शोभेल असा माझा हिशेब आहे. अशा मॉडेलांचे उत्पादन खेपेखेपेने होते आणि एक खेप संपली की पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून ज्यांना पूर्ण गाडी करायची आहे त्यांनी एक संच घेऊन थांबू नये. दुसरा आणि तिसरा संच मी मागवणार आहे, पार्सल दसऱ्यानंतर, पाऊस ओसरल्यावर गोव्यात पोचेल अशा बेताने.